शिजवणं नेमकं कुठे थांबवायचं: लोरागेमधल्या एका घरगुती रेस्टॉरंटचं प्रकरण

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ आणि कार्कासोन यांच्या मधल्या पट्ट्याला लोरागे म्हणतात. कानाल द्यु मिदी हा 1681 मध्ये पूर्ण झालेला कालवा याच पट्ट्यातून जातो. त्याच्या काठावर कास्तेलनोदारी हे गाव आहे आणि कासूले हा घेवड्याचा आणि मांसाचा पदार्थ आपलाच, असं ते गाव ठामपणे सांगतं. या प्रकरणातलं रेस्टॉरंट तिथून फार लांब नाही. कुटुंबाची ओळख लपवण्यासाठी गावाचं नाव गाळलं आहे आणि आकडे गोळाबेरजेत दिले आहेत. हिशेब 2023 अखेरपर्यंतचा आहे.

पार्श्वभूमी

रेस्टॉरंट 40 खुर्च्यांचं. स्वयंपाकघर वडिलांकडे, वय 58. टेबलं, आरक्षणं आणि वह्या आईकडे. मुलगी 31 वर्षांची. बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत सात वर्षं काम करून 2021 च्या उन्हाळ्यात परत आली. भांडी घासायला आणि भाज्या निवडायला अर्धवेळ एक माणूस. एक पगारी स्वयंपाकी होता, तो कोविडच्या दुसऱ्या बंदनंतर परतला नाही. फ्रान्समधली रेस्टॉरंटं ऑक्टोबर 2020 च्या अखेरीस बंद झाली. अंगणातली टेबलं 19 मे 2021 ला आणि आतली 9 जूनला सुरू झाली. मधल्या सात महिन्यांत या धंद्यातल्या बऱ्याच माणसांनी दुसरी कामं धरली.

एरवी आठवड्याला सहा पंगती: गुरुवार ते रविवार दुपारी, शुक्रवार-शनिवार रात्रीही. जेवण साधं, गावाकडचं: गार्ब्यूर म्हणजे कोबी, घेवडा आणि खारवलेलं मांस घालून केलेलं दाट सूप, बदकाची कॉन्फी म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं मांस, रविवारी कोंबडीचा रस्सा आणि बाराही महिने कासूले. तासभर गाडी चालवून येणारा माणूस कासूलेसाठीच येतो. विकल्या जाणाऱ्या दर दहा मुख्य पदार्थांपैकी सहा कासूलेच असायचे.

कासूले म्हणजे पांढरा घेवडा, डुकराचं मांस आणि कातडी, बदकाची किंवा हंसाची कॉन्फी आणि तुलूझचं सॉसेज, मातीच्या भांड्यात मंद आचेवर एकजीव केलेलं. घेवडा लॅंगो जातीचा: लांबट, पातळ सालीचा. आपल्याकडचा वाघ्या घेवडा वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात याचाच भाऊबंद, त्यामुळे भिजवण्या-शिजवण्याचे दोघांचे स्वभाव बरेच सारखे. भांड्याला कासोल म्हणतात, ती कास्तेलनोदारीजवळच्या इसेल गावच्या कुंभारांची परंपरा. तोंड रुंद, बूड अरुंद. हा आकार शोभेचा नाही. रुंद तोंडामुळे वर साय धरायला जास्त जागा मिळते आणि कासूलेची सगळी गंमत त्या करपट-सोनेरी सायीत असते. कास्तेलनोदारीच्या रीतीत वर ब्रेडचा चुरा घालत नाहीत. कातडीतलं जिलेटिन आणि घेवड्यातलं पीठ यांचीच साय धरते. ती चमच्याच्या पाठीने दाबून आत बुडवायची, पुन्हा धरू द्यायची. असं सात वेळा करावं अशी आख्यायिका आहे आणि वडील ती आख्यायिका मानत नव्हते, पाळत होते.

अडचण नेमकी कोणती होती

कुटुंबातल्या तिघांनी अडचण तीन तऱ्हांनी सांगितली. वडील म्हणाले, माणसं मिळत नाहीत. आई म्हणाली, पैसे उरत नाहीत. मुलगी म्हणाली, आपण गुरुवारी ठरवतो आणि गिऱ्हाईक रविवारी ठरवतं. या तिघांत मुलीचं म्हणणं दुखण्याच्या सगळ्यात जवळ होतं.

जुनी पद्धत अशी. बुधवारी रात्री 5.5 ते 6 किलो घेवडा भिजत घालायचा, म्हणजे सुमारे 60 ताटं. गुरुवारी हाडांच्या रश्शात शिजवायचा, 30 लिटरच्या पातेल्यात. त्यातला काही भाग लगेच कासोलींत भरून ओव्हनमध्ये, उरलेला पातेल्यातच. रविवारपर्यंत तोच पुरवायचा. कधी 35 ताटं खपत, कधी शनिवारी रात्रीच संपे आणि रविवारी तासभर प्रवास करून आलेल्या माणसांसमोर आईला हात जोडावे लागत.

आईने एका ताटाचा हिशेब मांडला तो असा, युरोमध्ये: घेवडा 1.10, बदकाची तंगडी 3.20, सॉसेज 0.85, डुकराचं मांस आणि कातडी 0.90, रस्सा-लसूण-मसाला 0.35, पाव आणि सॅलड 0.50. एकूण 6.90. विक्री 22 ला. त्यातून 10 टक्के मूल्यवर्धित कर वजा जाता हातात 20. म्हणजे कच्चा माल साडेचौतीस टक्के. घट्ट, पण चालण्यासारखं. मात्र 60 शिजवून 45 च विकले, तर 414 युरोचा माल 900 युरोच्या विक्रीवर पडतो, म्हणजे 46 टक्के. ताटावर न दिसणारं नुकसान कचऱ्याच्या पिंपात दिसत होतं. आणि यात घरच्या माणसांचे तास धरलेलेच नव्हते. कासूलेवर आठवड्याला 11 तास जात, त्यातले निम्मे साय मोडण्यात आणि भरलेल्या कासोली उचलण्यात. वडिलांची कंबर त्या हिशेबात कुठेच लिहिलेली नव्हती.

यात 2022 मध्ये आणखी तीन गोष्टींची भर पडली.

पहिली, बदक. 2021-22 च्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात नैऋत्य आणि पश्चिम फ्रान्समध्ये बर्ड फ्लू पसरला, कळपच्या कळप मारावे लागले. पुरवठादाराने आठवड्याला 40 तंगड्यांची मर्यादा घातली आणि भाव चढवला.

दुसरी, घेवडा. एका आठवड्यात तो पिठूळ होऊन फुटायचा, दुसऱ्या आठवड्यात तीन तास शिजूनही गाभा खरखरीत. त्याच पातेल्यात दोन्ही तऱ्हेचे दाणे सापडले, तेव्हा वडिलांनी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा वाढवला. सोड्याने सालीला बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. साल सुटून रश्शावर तरंगू लागली आणि चवीला साबणाची झाक आली.

तिसरी, ऑगस्टमधली तपासणी. अन्नस्वच्छतेचे सरकारी निरीक्षक सकाळी 7 वाजता आले. रात्री 11 ला गॅसवरून उतरवलेलं 30 लिटरचं पातेलं झाकण ठेवून मोरीजवळ फरशीवर होतं. मध्यभागी तापमान 34 अंश सेल्सियस. फ्रान्समधला नियम असा की शिजवलेला पदार्थ 63 अंशांवरून 10 अंशांखाली दोन तासांच्या आत यायला हवा. इथे आठ तास होऊनही तो अर्ध्या वाटेवर होता. शेरा मिळाला ‘सुधारणा आवश्यक’. चार पायऱ्यांच्या सरकारी श्रेणीतली ही तिसरी. 2017 पासून असे निकाल सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात, गिऱ्हाइकांनाही.

‘माझ्या आजीनेही असंच ठेवलं’ या वडिलांच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. पण आजी सहा माणसांसाठी शिजवायची. लहान भांडं लवकर निवतं. 30 लिटरच्या पातेल्याचा गाभा मात्र रात्रभर 15 ते 50 अंशांच्या पट्ट्यात राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि 43-45 अंशांच्या आसपास हे जिवाणू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतात. मांस, स्टार्च आणि हवाबंद गाभा: त्यांना याहून सोयीचं घर मिळणार नाही.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबर 2022 मध्ये तिघं बसले तेव्हा पाच गोष्टी टेबलावर होत्या.

तयार कासूले विकत आणणं हा पहिला. मोठ्या डब्यातलं कासूले साडेसात-आठ युरोला ताट पडत होतं. तास वाचणार, नासाडी शून्य, कारण डबा लागेल तेव्हाच फोडायचा. पण मग मेनूवरून ‘फे मेझों’ची, म्हणजे ‘घरी केलेलं’ अशी खूण काढावी लागणार. ही छप्पर घातलेल्या पातेल्याची खूण 2014 च्या कायद्याने आली. कच्च्या मालापासून त्याच जागेवर केलेल्या पदार्थालाच ती लावता येते. वडिलांनी हा पर्याय ऐकूनही घेतला नाही. आईने ऐकला, हिशेब केला आणि मग सोडला: जो माणूस 60 किलोमीटर येतो तो डब्यातलं कासूले त्याच्या गावच्या सुपरमार्केटमध्ये निम्म्या पैशांत घेऊ शकतो.

दुसरा, कासूले मेनूवरून काढूनच टाकणं. मुलीने तो अर्धवट चेष्टेत मांडला. दहातले सहा पदार्थ जिथे तोच, तिथे ही चर्चा पाच मिनिटांत संपली.

तिसरा, फक्त आधी सांगितलं तरच करायचं, 48 तास आधी. हिवाळ्यात हे जमतं. उन्हाळ्यात कालव्याकाठच्या रस्त्याने सायकलवर आलेला जर्मन प्रवासी 48 तास आधी फोन करत नाही.

चौथा, काचेच्या बरण्यांत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करणं. यात बरण्या विकताही येतात, म्हणून मुलीला तो फार आवडला होता. पण हे स्वयंपाकघराचं काम राहत नाही, छोट्या कारखान्याचं होतं. बोट्युलिझम ही विषबाधा करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंसाठी बरणीच्या गाभ्याला 121 अंशांवर किमान 3 मिनिटांइतका उष्णतेचा मारा पोचला आहे, हे मोजून सिद्ध करावं लागतं. घट्ट घेवड्यात उष्णता फार सावकाश आत शिरते, त्यामुळे रस्स्याच्या बरणीचा वेळ घेवड्याच्या बरणीला लागू होत नाही. वर नमुन्याच्या बरण्या 37 अंशांवर सात दिवस ठेवून तपासायच्या, नोंदी ठेवायच्या, यंत्र चालवणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं. यंत्रच दहा हजार युरोच्या घरात. हा पर्याय नाकारला नाही, पुढे ढकलला. आमच्या मते बरोबर केलं. घरगुती बरण्यांच्या हौसेतून होणारी विषबाधा जीवघेणी असते.

पाचवा, शिजवणं दोन टप्प्यांत तोडणं: पाया आधी करून झटपट थंड करायचा, शेवटचा टप्पा पंगतीच्या वेळी. त्यासाठी वेगाने थंड करणारं यंत्र हवं. जुन्या बाजारात पाच ट्रेंचं, दीड तासात 18 किलो माल 3 अंशांवर आणणारं 2,900 युरोला मिळत होतं. यंत्र घ्यायचं हे लवकर ठरलं. शिजवणं कुठे तोडायचं, यावर मात्र घरात सहा आठवडे वाद चालला.

तोडायची जागा शोधताना

पहिला प्रयोग वडिलांच्या मनासारखा: कासूले पूर्ण करायचं, साय धरू द्यायची, कासोलीसकट थंड करायचं आणि लागेल तसं तापवायचं. दोन गोष्टी बिघडल्या. थंडीत जिलेटिन गोठलं, घेवड्याने रस्सा पिऊन घेतला आणि सायीचं ओलं पापुद्र्यासारखं काहीतरी झालं. दुसरी गोष्ट आवाजानेच कळली. 3 अंशांवरची मातीची कासोल 180 अंशांच्या ओव्हनमध्ये गेली की तडकते. पहिल्याच शुक्रवारी चार तडकल्या, एकीतला रस्सा ओव्हनच्या तळाशी जळून सगळं दालन धुरकटलं. हळूहळू तापवावं तर गाभा गरम व्हायला तास उलटून जातो आणि तिथे दुसरा नियम आडवा येतो: पुन्हा तापवताना पदार्थ 10 ते 63 अंशांच्या मध्ये तासाहून जास्त राहता कामा नये.

दुसऱ्या प्रयोगात मुलगी उलट टोकाला गेली. घेवडा फक्त तासभर उकडून, अर्धा कच्चा ठेवून थंड केला, मांस वेगळं. नासाडी कमी झाली असती, पण पंगतीच्या वेळी अडीच तासांचं काम शिल्लक राहिलं. शिवाय अर्धवट शिजून थंड झालेल्या दाण्यांचा गाभा नंतर मऊ झालाच नाही.

तिसऱ्या प्रयोगात जागा सापडली. घेवडा रश्शात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. कसोटी डोळ्यांची नाही, बोटांची: दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबला की आतलं लोणी व्हावं, पण साल फाटून उडू नये. त्यात शिजलेली कातडी आणि मांस मिसळून 45 मिनिटं ओव्हनमध्ये, चवी एकमेकांत उतरण्यापुरतं. साय धरण्याच्या आत बाहेर. कॉन्फी आणि सॉसेज यात नाहीत, ती शेवटच्या टप्प्याला. आणि थंड करायला कासोल अजिबात नाही, उथळ स्टीलचे ट्रे.

प्रत्यक्षात बसवलेली पद्धत

घेवड्याच्या लहरीपणाचं मूळ कोठीत निघालं. लॅंगोची काढणी शरद ऋतूच्या सुरुवातीला होते. वडील नवी गोण आली की जुन्या गोणीचा उरलेला माल तिच्यातच ओतत. दोन हंगामांचा घेवडा एकत्र शिजला की नवा फुटतो आणि जुना कडक राहतो. साठवणीत, विशेषतः उष्ण जागेत, दाणा कठीण होत जातो. त्यात नळाचं पाणी चुन्याचं. पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं. म्हणून आता प्रत्येक गोणीवर काढणीचं वर्ष, गोणी वेगळ्या, भिजवणं कमी क्षारांच्या पाण्यात आणि दर लिटरला 15 ग्रॅम मीठ. भिजवणीत मीठ घातलं तर घेवडा कडक होतो ही समजूत फ्रान्समध्येही आहे आणि ती चुकीची आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते. भिजवणीचं पाणी फेकायचं, दाणे धुवायचे, 5 मिनिटं उकळून तेही पाणी फेकायचं आणि मगच रस्सा घालायचा. सोड्याचा डबा कपाटातून हद्दपार झाला.

गुरुवारची एक खेप: कोरडा घेवडा 3.6 किलो, हाडांचा आणि कातडीचा गाळलेला रस्सा सुमारे 9 लिटर, डुकराच्या नळीचं मांस आणि कातडी मिळून 3 किलो, लसूण दोन गड्डे, मिरी, किंचित जायफळ. टोमॅटो नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने साल आणखी घट्ट होते, शिवाय इथल्या रीतीतही तो बसत नाही. हाती 18 किलो पाया येतो, 450 ग्रॅमची 40 ताटं.

यंत्र आलं त्या पहिल्या दिवशी उत्साहाने 27 किलो तीन ट्रेंत काठोकाठ भरला, थर 6 सेंटिमीटरचा. यंत्राने तीन तासांहून जास्त घेतले, म्हणजे नियमही मोडला आणि तपासणीचा धडाही वाया गेला. यंत्रावर लिहिलेली क्षमता पातळ थरासाठी असते. आता 18 किलो, तीन ट्रे, प्रत्येकी 6 किलो, थर 4 सेंटिमीटर, मध्यभागी तापमापक सुई. 80 ते 90 मिनिटांत 10 अंशांखाली. वेळ आणि तापमान वहीत. गुरुवारी शिजवलेला माल तीन दिवस, म्हणजे रविवारच्या दुपारपर्यंत. त्यानंतर उरला तर फेकला जातोच.

कॉन्फी घरीच. तंगड्यांना किलोला 20 ग्रॅम जाड मीठ चोळून रात्रभर, सकाळी धुऊन कोरड्या करून बदकाच्या चरबीत 85 ते 90 अंशांवर तीन तास. हाड हलकेच फिरवलं की मांसातून सुटं व्हायला हवं. तंगड्यांची टंचाई होती तेव्हा मुलीने पंखाचा जाड, मांसल तुकडा, ज्याला तिथे मांशों म्हणतात, तो घ्यायला सुरुवात केली. एका तंगडीऐवजी दोन मांशों, खर्च जवळजवळ निम्मा. मेनूवर तसं स्पष्ट लिहिलं. तक्रार एकदाच आली.

शेवटचा टप्पा असा. रात्री 8 च्या आरक्षणासाठी साडेसहाला सुरुवात. लागणारा पाया पातेल्यात काढून, ताटामागे 120 मिलिलिटर ताजा रस्सा घालून गॅसवर उकळी आणायची, 12 मिनिटं. तासाच्या नियमाचा आणि तडकणाऱ्या कासोलीचा, दोन्ही प्रश्न इथेच सुटले: उकळता माल, ओव्हनवरच्या फळीवर कोमट झालेल्या, लसूण चोळलेल्या कासोलीत. वर कॉन्फी, कातडीची बाजू वर. 160 अंशांवर 75 मिनिटं. 25 व्या मिनिटाला पहिली साय मोडायची आणि तव्यावर परतलेलं सॉसेज आत खुपसायचं, 50 व्या मिनिटाला दुसरी मोडायची, तिसरी तशीच टेबलावर. सात नाही, तीन.

यावर वडिलांचा आक्षेप होता आणि त्यात तथ्य होतं. तीन तास ओव्हनमध्ये राहिलेल्या कासूलेच्या तळाशी जो चिकट, गडद थर असतो तो 75 मिनिटांत येत नाही. त्यावरचा उपाय त्यांच्याच जुन्या सवयीत निघाला: कासोलीच्या तळाला शिजलेल्या कातडीचे दोन तुकडे चरबीची बाजू खाली करून अंथरायचे. थर बराचसा परत आला. सगळा नाही.

आणि किती भिजवायचं?

यंत्रापेक्षा जास्त पैसे या प्रश्नाने वाचवले, तरी त्याला कुटुंबाने सर्वांत शेवटी हात घातला. भिजवलेला घेवडा ताटामागे एका युरोचा; शिजवलेलं ताट सात युरोचं आणि त्यात माणसाचे तास. म्हणजे अंदाज चुकायचाच असेल तर तो भिजवताना चुकलेला परवडतो.

बुधवारी रात्री एक खेप ठरलेली, 40 ताटांची. दुसऱ्या खेपेचा निर्णय शुक्रवारी रात्री 10 वाजता. आई आरक्षणाची वही घेऊन बसते. गुरुवारच्या पायातले 25 हून कमी भाग उरले असतील आणि शनिवार-रविवारची आरक्षणं 20 च्या पुढे गेली असतील, तर घेवडा भिजत पडतो आणि शनिवारी सकाळी 10 ला शिजायला लागतो. नाहीतर नाही. आठपेक्षा मोठ्या गटाकडून बँक कार्डाची नोंद घेतली जाते. त्यावर कुरकुर होते, पण गट येतात.

आरक्षणाविना येणाऱ्यांसाठी शुक्रवारी-शनिवारी सहा कासोली सव्वासातला चढवतात. साडेनऊपर्यंत खपल्या नाहीत तर त्या घरच्यांचं जेवण. एकदा तापवलेला माल परत थंड करायचा नाही, हे पाळायला वडिलांना सर्वांत जड गेलं.

काय झालं

डिसेंबर 2022 पासून पद्धत पूर्ण लागू झाली. फेकल्या जाणाऱ्या ताटांची संख्या आठवड्याला बारा-पंधरावरून दोन-तीनवर आली. कासूलेचे तास 11 वरून साधारण साडेसातवर, तेही दोन खेपांच्या आठवड्यात. किंमत 22 वरून 25 युरो केली. कच्चा माल महागून ताट 7.60 ला पडू लागलं होतं, त्यामुळे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिलं. पण आता ते खरं प्रमाण होतं, कागदावरचं नव्हे. पुन्हा झालेल्या तपासणीत ‘समाधानकारक’ शेरा मिळाला. यंत्राचे पैसे सात-आठ महिन्यांत फिटले, असं आई म्हणते. विजेचं वाढलेलं बिल धरलं तर वर्ष म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

उन्हाळा मात्र फसला. जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये रेस्टॉरंट रोज उघडं होतं आणि हिवाळ्याचंच गणित चालवलं. पारा 38 वर असताना घेवड्याची कासोल कोण मागणार? नासाडी काही आठवडे पूर्वीइतकी झाली. ज्यांनी मागितलं त्यांना 75 मिनिटं थांबणं जड गेलं. मेनूवर वेळ छापल्यावर काही टेबलं वाचूनच उठली. ऑगस्टच्या मध्यात 10 ताटांची मर्यादा घातली आणि बदकाच्या छातीचा भाजलेला तुकडा, बदकाच्या जठराचं सॅलड असे वीस मिनिटांत होणारे पदार्थ पुढे आणले. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र घेण्याआधी मोजायला हवं होतं. तपासणीनंतर तीन आठवडे कुटुंबाने यंत्रांच्या किमती पाहण्यात घालवले. त्या काळात उथळ ट्रे, खाली बर्फ आणि मिठाचं पाणी, मधूनमधून ढवळणं एवढ्यावरही दोन तासांची अट लहान खेपेला पाळता आली असती. यंत्र तरीही घ्यावं लागलं असतं, पण मग त्याची क्षमता अनुभवावरून ठरली असती आणि कदाचित थोडं मोठं घेतलं असतं.

घेवड्याच्या गोणींचा शोध फार उशिरा लागला. फुटका आणि कडक दाणा एकाच पातेल्यात दिसतो तेव्हा दोष पाण्याचा किंवा आचेचा नसतो. ते दोन्ही सगळ्या दाण्यांना सारखेच लागतात. दोष मालातच असतो. हा तर्क कुणी केला नाही, कारण सोडा हाताशी होता.

आणि एक गोष्ट स्वयंपाकघराबाहेरची. आई तीस वर्षं धंद्यात आहे ती ‘सहकारी जोडीदार’ या दर्जाने: पगार नाही, भागीदारी नाही, वर्गणी भरून मिळणारं संरक्षण तेवढं. 1 जानेवारी 2022 पासून फ्रान्समध्ये हा दर्जा जास्तीत जास्त पाच वर्षांचा केला आहे. आधीपासून असलेल्यांसाठीही मोजणी त्याच दिवसापासून सुरू झाली, म्हणजे 31 डिसेंबर 2026 ही शेवटची तारीख. त्यानंतर आईला पगारी व्हावं लागेल किंवा भागीदार. पगारी केलं तर ताटाच्या हिशेबात तिचे तास पहिल्यांदा दिसतील आणि 25 युरो पुरणार नाहीत. भागीदार करायचं तर धंदा वडिलांच्या एकट्याच्या नावावरून काढून कौटुंबिक कंपनीत आणावा लागेल, आणि तेव्हा मुलीचा वाटा किती हा प्रश्न टाळता येणार नाही. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तिघं टेबलाशी बसलेच होते. हा कागद त्या दिवशी टेबलावर नव्हता.

बरण्यांचा विषय अधूनमधून निघतो. मुलीने एका सामायिक प्रक्रिया केंद्रात दिवसाच्या भाड्याने ऑटोक्लेव्ह मिळतो का याची चौकशी केली आहे. वडील म्हणतात, आधी माझ्या तळाच्या थराचं बघा. कोठीत सध्या दोन गोणी आहेत. एकीवर 2022, दुसरीवर 2023 लिहिलंय, मुलीच्या अक्षरात. खाली वडिलांच्या अक्षरात: मिसळू नये.